ताई, वर्गात स्मार्ट बोर्ड आला पण पोरीला अपूर्णांक येत नाही!

शाळा सुरू होऊन महिना झाला आणि पत्रांचा ढीग लागलाय, त्यातली निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, वर्गातले बोर्ड, टॅब, मोबाईल आणि शिकवायच्या नव्या पद्धती. जागेत बसतात तेवढी पाच घेतलीत. नेहमीप्रमाणे कुणाचंही नाव छापत नाही.

ताई नमस्कार. मुलगी पाचवीत आहे, शाळा प्रायव्हेट. यंदा सगळ्या वर्गांत स्मार्ट बोर्ड बसवले आणि फी वाढवली. पालकसभेत डेमो दाखवला तेव्हा आम्ही सगळे भारावून गेलो. पण घरी विचारलं तर म्हणते, मॅडम व्हिडिओ लावतात, आम्ही बघतो आणि शेवटी उत्तरं वहीत उतरवून घेतो. परवा सहज विचारलं, एक छेद चार मोठा की एक छेद दोन? तर म्हणाली एक छेद चार, कारण चार मोठा आहे ना. मी आता काय समजू?
– एक आई, चिंचवड

ताई, आधी एक सांगते, लेकीला रागावू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडते. आजवर ती जेवढे आकडे शिकली त्या सगळ्यांत ४ हा २ पेक्षा मोठाच होता, तोच नियम तिने इथं लावला, म्हणजे डोकं चालतंय तिचं. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते, ती म्हणजे तिची ही चूक वर्गात कुणाला दिसलीच नाही. व्हिडिओला ती दिसत नाही, व्हिडिओ पुढे जात राहतो. आणि खरं सांगायचं तर खडू घेऊन तासभर एकट्याच बोलणाऱ्या बाईंनाही ती दिसली नसती, त्यामुळे हा दोष नुसता बोर्डाचा नाही.

नुसती वस्तू वर्गात आणून ठेवली की काय होतं याचा एक मोठा अनुभव दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडे आहे. तिथल्या सरकारने खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलागणिक एक लॅपटॉप दिला, प्रचंड खर्च केला, आणि साधारण सव्वा वर्षाने अभ्यासकांनी तपासलं तर लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या गणितात नि भाषेत फरकच नव्हता. पण लगेच यंत्र वाईट असंही म्हणू नका, कारण उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्लीत शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांत मुलांना माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर दिलं, पाऊण तास सॉफ्टवेअर आणि पाऊण तास छोट्या गटात शिकवणारा माणूस. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितातली प्रगती बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त झाली, हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झालाय. फरक कशामुळे? ते सॉफ्टवेअर मूल आठवीत आहे म्हणून आठवीचं गणित पुढ्यात टाकत नव्हतं, मूल खरंच जिथं अडलंय तिथपासून प्रश्न विचारत होतं आणि चुकलं की तिथल्या तिथे कळत होतं. स्क्रीन दोन्हीकडे होती, फक्त एकीकडे मुलाला दर मिनिटाला स्वतःचं डोकं वापरावं लागत होतं.

म्हणून पुढच्या सभेत बोर्ड कुठल्या कंपनीचा, केवढ्याचा हे विचारत बसू नका. विचारा की तासाला मुलं स्वतः किती वेळ काही करतात, आणि कुणाला समजलं नाही हे मॅडमना कळतं कसं. मी स्वतः वर्गात पाटी वापरायचे, साधी पाटी. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि मी 'वर' म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर, दहा सेकंदात चाळीस उत्तरं डोळ्यासमोर, कोण कुठे चुकलं ते लगेच दिसतं, आणि बाजूच्याचं बघून लिहायलाही वेळ नाही. हेच काम स्मार्ट बोर्डवर क्विझ लावून होतं, तसं करत असतील तर बोर्डाचे पैसे वसूल झाले असं खुशाल समजा.

घरी एवढं करा. दोन सारख्या भाकरी घ्या, एकीचे दोन तुकडे, दुसरीचे चार, आणि भूक लागलेली असताना विचारा की कुठला तुकडा पाहिजे. मग ते चित्र तिलाच काढू दे, त्याखाली आकडे तिलाच लिहू दे. आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा, लगेच विचारलं तर येणारच.

मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, पट २७. दोघांपैकी एक जण ट्रेनिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्यात, म्हणजे बऱ्याचदा चारही वर्ग माझ्याकडेच. एक टीव्ही आहे, दोन टॅब आहेत, रेंज फक्त पाराजवळ. पोरांची घरची भाषा वारली, पुस्तक प्रमाण मराठीत. नवीन पद्धती वापरा म्हणतात, पण यात काय वापरू?
– सहशिक्षक, पालघर जिल्हा

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी एकोणतीस वर्षं अशाच शाळांत गेली त्यामुळे तुमचा वर्ग मला दिसतोय. आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हारतुरे झाले, फोटो निघाले, आणि नंतर लाइटबिल थकलं म्हणून मीटरच काढून नेला, आठ महिने तो कॉम्प्युटर कापडात गुंडाळून कपाटात होता. पोरं रोज विचारायची, बाई आज उघडणार का. ते आठवलं की अजून जीव तुटतो. म्हणून माझा पहिला हट्ट हा की तुमची कुठलीच गोष्ट रेंजवर आणि लाइटवर टांगलेली नको. दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचे जे व्हिडिओ लागणार आहेत ते तालुक्याला गेलात की डाउनलोड करून घ्या, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की नेमका त्या धड्याचाच मजकूर उघडतो त्यामुळे शोधत बसावं लागत नाही. या क्यूआर कोडची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि. प. शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी राबवली, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. सांगायचं कारण असं की ती शाळाही आपल्यासारखीच खेड्यातली होती.

पण खरं काम टीव्हीचं नाहीच. २७ पोरं चार इयत्तांत वाटून तुम्ही चार वेळा शिकवायला गेलात तर दमून जाल आणि प्रत्येक वर्ग पाऊण वेळ रिकामा बसेल. इयत्ता विसरा, निदान भाषा आणि गणिताच्या तासाला तरी. प्रत्येकाला जवळ बसवून वाचायला द्या, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ज्याची गाडी जिथे अडली तो त्या गटात, मग तो चौथीतला असला तरी. 'प्रथम' नावाच्या शिक्षणसंस्थेने हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली, आता आफ्रिकेतल्या देशांतही तसं शिकवतात. फक्त गट कायमचे ठेवू नका, दर पंधरा दिवसांनी बघा, पोर वर सरकलं की त्याच दिवशी गट बदला, नाहीतर 'ढ गट' असा शिक्का बसतो आणि तो पुसायला फार जड जातो.

आणि पोरांना पोरांकडून शिकू द्या. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची जि. प. शाळा आहे, २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार तिला मिळाला, तिथे 'विषयमित्र' पद्धत आहे, वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांना शिकवतात. हे द्विशिक्षकी शाळेला आयतंच जमतं, कारण तुमची सगळी वयं एकाच खोलीत आहेत. मी माझ्या वर्गात बघितलंय, तिसरीतली मुलगी पहिलीतल्याला हातचा समजावून सांगायची तेव्हा तिचा स्वतःचा हातचा पक्का व्हायचा.

आता टॅब. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट कुठली विचाराल तर मी म्हणेन आवाज रेकॉर्ड करायची सोय, तिला नेट लागत नाही. मूल परिच्छेद वाचतं, रेकॉर्ड करतं आणि स्वतःच ऐकतं. आपण दहा वेळा 'नीट वाच' म्हणून जे होत नाही ते एकदा स्वतःचा आवाज ऐकून होतं, ते आपणहून म्हणतं परत वाचू का. महिन्यानंतर जुनं रेकॉर्डिंग लावा, चेहरा बघा त्याचा. तुमच्या वारली पोरांसाठी तर अजून पुढे जा, टॅब घरी द्या एका रात्रीपुरता, आजीची गोष्ट तिच्याच भाषेत रेकॉर्ड करून आणायला सांगा, दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी ऐकायची, मग तिचे शब्द फळ्यावर, बाजूला पुस्तकातले शब्द. टॅब फुटेल अशी भीती वाटेल, मलाही वाटली होती, एकदाही फुटला नाही. ज्याची भाषा वर्गात फळ्यावर चढते ते पोर शाळा बुडवत नाही.

तुम्ही ज्या जिल्ह्यात आहात तिथेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला खेड्यापाड्यांवरच्या पोरांना शिकवायचं काम केलं. पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळा कुरणात नेली, कुरणशाळा, आणि साधनं कुठली तर बिया, शिंपले, पानं, काड्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले तेव्हाही तिथे दिसलं ते हेच, जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, बाटल्यांची झाकणं, आणि खाली बसून आपापलं काम करणारी पोरं. तेव्हा टॅब दोनच आहेत म्हणून आपण मागे आहोत असं मनातही आणू नका सर. माहिती भरण्याच्या कामाबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही, ते ओझं कमी व्हायलाच पाहिजे आणि ते आपण सगळ्यांनी मोठ्याने बोलत राहिलं पाहिजे.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला गृहपाठ येतो. घरात स्मार्टफोन एकच, तो माझ्याजवळ, मी सेकंड शिफ्टला. घरी येईपर्यंत पोरं झोपलेली, सकाळी धावपळ. मुलगा तिसरीत, मुलगी सहावीत. पोरांच्या डोळ्यांचंही टेन्शन येतं.
– एक वडील, नाशिक

दादा, हे तुमच्या एकट्याचं नाही, असं पत्र दर महिन्याला येतं. चार पालक मिळून वर्गशिक्षकांना भेटा आणि एवढंच मागा की गृहपाठ शाळा सुटायच्या आधी वहीत लिहून द्यावा, ग्रुपवर नंतर टाकला तरी चालेल पण फक्त ग्रुपवर नको. भांडायला गेल्यासारखं जाऊ नका, बऱ्याच शिक्षकांना खरंच माहीत नसतं की फोन वडिलांसोबत कंपनीत जातो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांनी हे ओळखलं त्यांनी फोनशिवायही वाट काढली होती. सोलापुरात नीलमनगरला घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, जाता येता पोरं वाचायची. मोखाड्याच्या पाड्यांवर लाउडस्पीकरवर धडे ऐकवले, 'बोलकी शाळा' म्हणायचे त्याला. तेव्हा जमलं तर आता वहीत दोन ओळी लिहून देणं काही अवघड नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला आहे की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा, त्यात टीव्हीही आला. तुमच्या तिसरीतल्याला हे लागू. आणि रोज उजेडात बाहेर खेळायला पाठवा, दोघांनाही, डोळ्यांना त्याचा खरंच उपयोग होतो.

ताई मी नववीत आहे. आमच्या वर्गात सगळे चॅटजीपीटीवरून निबंध आणि प्रोजेक्ट करतात, मी पण केला. सरांनी माझ्या निबंधाला छान असा शेरा दिला पण मला बरं वाटलं नाही. ही कॉपी आहे का? वापरूच नको का?
– एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

बाळा, तुला बरं वाटलं नाही ना, तिथेच तुझं अर्धं उत्तर आहे. तो 'छान' तुझ्या वाट्याचा नव्हता आणि ते तुला कळलं. हो, दुसऱ्याने लिहिलेलं आपलं म्हणून देणं ही कॉपीच, मग तो दुसरा माणूस असो की मशीन. पण तू आता काही फार मोठा गुन्हा केलास असं समजून रडत बसू नको, पुढचा निबंध स्वतः लिही आणि सरांना सांगून टाक, चांगले सर असतील तर उलट खूश होतील.

आता वापरायचं का. हे चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, तू तेव्हा केवढीशी होतीस, आणि ते काम कसं करतं ते समजून घे. त्याने अफाट मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून आता पुढचा शब्द कुठला यायची शक्यता जास्त आहे ते बघत बघत ते वाक्य जोडत जातं. म्हणून त्याचं वाक्य गुळगुळीत असतं पण खरं असेलच असं नाही, चुकीचं सुद्धा ते तेवढ्याच ठामपणे सांगतं. तू करून बघ, तुझ्या गावाबद्दल विचार, गावातलं देऊळ, विहीर, यात्रा कधी असते, आणि किती खरं सांगतं ते आजीला वाचून दाखव.

मी काय करायला सांगेन, तर आधी तू लिही, कच्चं का होईना. मग त्याला सांग की यावर मला पाच प्रश्न विचार, उत्तरं देऊ नको. इतिहासाचा धडा वाचून झाला की म्हण माझी तोंडी परीक्षा घे. गणित अडलं तर अख्खं सोडवून मागू नको, फक्त पुढची पायरी माग, आणि ती बरोबर आहे का ते पुस्तकाशी ताडून बघ. असं वापरलंस तर घरी शिकवणी लावल्यासारखा उपयोग होईल, आणि तुमच्याकडे कितीजणांना शिकवणी परवडते ते तुला मी सांगायला नको. असर नावाची मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांत ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण त्यांतले आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन तर हातात आहेच, तू त्या ५७ मध्ये राहा.

आणि प्रोजेक्टचं. पाण्यावर प्रोजेक्ट आहे असं तू खाली लिहिलंयस. मग दोरीला दगड बांध, मोठ्या माणसाला सोबत घेऊन गावातल्या तीन विहिरींचं पाणी किती हातांवर आहे ते दर रविवारी मोज, वहीत लिही, पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत. हे आकडे जगातल्या कुठल्याच मशीनकडे नाहीत, ते फक्त तुझ्याकडे असतील.

बाईसाहेब, वय ७६. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा नि दीडचे पाढे, तोंडपाठ होती. नातवाला सतराचा पाढा येत नाही, म्हणतो पाठांतर जुनं झालं, आता ज्ञानरचनावाद आहे. हे तुमचं नवं शिक्षण मुलांना पंगू करतंय असं माझं स्पष्ट मत आहे.
– एक आजोबा, कराड

काका, नमस्कार. निम्मं तुमचं बरोबर आहे आणि निम्म्यावर मी वाद घालणार आहे, राग मानू नका.

ज्ञानरचनावाद म्हणजे पाठांतर बंद असा अर्थ कुणी लावला असेल तर तो चुकीचा लावला. त्याचं म्हणणं एवढंच की मूल म्हणजे रिकामा घडा नव्हे, ते आधीच काहीतरी जाणतं आणि त्याला जोडून नवीन रचतं. म्हणजे सतरा सक कसे झाले हे आधी त्याला काड्यांचे गठ्ठे मांडून कळू दे, मग खुशाल पाठ करू दे. पाढा पाठ नसला की पुढे भागाकारात, लसावित पोरगं पाढ्यातच अडकतं आणि मूळ गणिताकडे लक्षच राहत नाही, हे मी शेकडो मुलांत बघितलंय. आठवून आठवून म्हणण्याचा फायदा संशोधनातही दिसलाय. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला, काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचे गुरुजी परवचा म्हणून घ्यायचे तेव्हा हेच होत होतं.

वाद कुठे आहे, तर तुमच्या वेळचा वर्ग सगळ्यांसाठी तसा नव्हता काका. ज्यांना दिडकी पाठ झाली नाही त्यांना छडी मिळाली आणि मग ती शाळेतून गेलीच, गुरांमागे गेली, शेतात गेली, त्यांत मुली तर किती. त्यांचं पत्र मला येत नाही कारण त्यांना लिहिता येत नाही. माझी आई त्यांतलीच एक. आज नातवाच्या वर्गात मागच्या बाकावरचा पोरगा टिकून आहे, चुकलं तर हसत हसत परत करून बघतोय, याची किंमत मला फार वाटते.

तेव्हा असं करा, मोबाईल बाजूला ठेवा असं त्याला म्हणू नका, मोबाईलवर टायमर लावायला सांगा आणि तुम्ही दोघं रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसा, तो पाढा म्हणेल, तुम्ही पावकी म्हणा. मग त्याला विचारा की सात पाव पावणेदोन कसे झाले, त्याने काढून दाखवलं पाहिजे. वरच्या चिंचवडच्या ताईंच्या लेकीला जे अपूर्णांक अडलेत ते तुमच्या पावकी-निमकीत आयते आहेत, पण हल्ली ती म्हणणारी माणसंच कमी झालीत. तुम्हाला औटकी येते का? साडेतीनाचा पाढा, माझ्या वडिलांना यायचा, मला अर्धाच आठवतो. येत असेल तर सबंध लिहून पाठवा, तुमच्याकडे ज्या चालीत म्हणायचे तीही नातवाच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून द्या, पुढच्या अंकात छापते आणि आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ऐकवते.